‘कविता’ या शब्दाला नऊ सेकंद

१ डिसेंबर १९८३, गुरुवार

ठण्ण — ठण्ण — ठण्ण! रुळाच्या तुकड्यावर लोखंडी पहारीचे तीन टोले. मनोरच्या पलीकडे डोंगरात माझी पाड्यावरची शाळा होती, तिच्यापुढे मोहाच्या झाडाला तो तुकडा टांगलेला असे. बत्तीस वर्षं झाली. आज सकाळी मागच्या गल्लीत कोणीतरी लोखंड ठोकलं आणि मी चहाचा कप खाली ठेवून उभा राहिलो. टोपी शोधायला लागलो! निवृत्त होऊन तेरा वर्षं झालेला माणूस, बोईसरात स्वतःच्या घरात — टोपी घालून कुठे निघाला होता?

सुगंधाने पाहिलं. पुढच्या खोलीत ती आणि तिचा नवरा नागोराव भाड्याने राहतात. माणसं नांदेडकडची. तो एमआयडीसीत कापडाच्या कारखान्यात, ती लग्नानंतर पुन्हा पालघरच्या कॉलेजात जाऊ लागली आहे, मानसशास्त्र घेऊन. म्हणाली, गुरुजी, तुम्ही तर माझ्या पुस्तकातलेच निघालात. मग कुत्र्याचा प्रयोग सांगितला. घंटा वाजवायची आणि खाणं द्यायचं, घंटा आणि खाणं. पुढे नुसत्या घंटेनेही लाळ सुटते. अभिसंधान म्हणतात त्याला.

नागोराव कामावर निघाला होता. म्हणाला, “आमच्याकडं बी हाय की ते. भोंगा झाला की तोंडाला पाणी सुटतंय. डबा उघडला की जातंय.”

सुगंधाने त्याच्या डब्याचं झाकण जरा जोरातच दाबलं.


४ डिसेंबर

या वयात नवी नोकरी लागली. सुगंधाला प्रयोगवही पुरी करायची आहे आणि प्रयोगाला बसायला माणूस हवा. नवऱ्याला बसवून पाहिलं, तो हसत सुटतो आणि मधेच झोपतो. म्हणून मी. प्रयोग ज्याच्यावर होतो त्याला प्रयोज्य म्हणायचं! एकाहत्तराव्या वर्षी नवं नाव मिळालं.

प्रयोग संपला की प्रयोज्याने आपल्या मनात काय काय झालं ते सांगायचं असतं. अंतर्निरीक्षण. वहीत त्याला दोनच ओळींची जागा. माझं मन दोन ओळींत कसं मावायचं? उरलेलं इथे लिहीन.


६ डिसेंबर

पहिला प्रयोग बिघडवला.

निरर्थक अक्षरांची यादी होती — झब, लुक, तिम, गोस, रेध... अशी बारा. अर्थ न लावता पाठ करायची. किती वेळा वाचल्यावर किती लक्षात राहतात ते ती मांडणार होती. मी काय केलं, चालीवर टाकली! झब लुक तिम — गोस रेध पाझ — नकळत पाय ठेका धरू लागला. दुसऱ्या वाचनाला बाराच्या बारा तोंडपाठ.

सुगंधाचा चेहरा पडला. “तुम्ही सात-आठ वेळा तरी चुकायला पाहिजे होतं, गुरुजी. आता आलेख कशाचा काढू?”

चुकणार कसा? जन्मभर हेच केलं. पाड्यावरच्या पोरांना पुस्तकातली मराठी म्हणजे तरी काय होती? झब लुक तिमच! ते शब्द त्यांच्या घरी राहतच नव्हते. मी चाल लावून द्यायचो आणि पोरं ती चाल डोक्यावर घेऊन ओहोळ ओलांडून घरी न्यायची. दुसऱ्या दिवशी जशीच्या तशी परत आणायची. अर्थ मागाहून यायचा. कधी यायचाही नाही.


७ डिसेंबर

तिच्या सरांनी शेरा दिला — प्रयोज्य अयोग्य. मला उगाच वाईट वाटलं.


१० डिसेंबर

आरशात बघून चांदणी गिरवायची. हात आणि डोळे यांच्यामध्ये पुठ्ठा. हात उजवीकडे न्यावा तर पेन्सिल डावीकडे पळते. चांदणीचा शेवटी बोंबील झाला. सातपाटीची कोळीण दारावर आली होती, तिने डोकावून पाहिलं आणि म्हणाली, गुरुजी, आता चित्रं काढायला लागले का, काढा काढा, माजं पण एक काढा. सुगंधा मात्र आज खूश. मी हवा तेवढा चुकलो.


११ डिसेंबर

रात्री अंथरुणात सहज १९५१ सालचा हजेरीपट म्हणून पाहिला. सत्तावीस नावं. जिव्या, मंगळ्या, भिका, जिवल्या, नवसी, चिमी... एकही सुटलं नाही. कोण कुठल्या रांगेत बसायचं तेसुद्धा. ती सत्तावीस नावं हीच माझी मिळकत.


१४ डिसेंबर

पुस्तकातलं एक चित्र. सुगंधा म्हणाली, काय दिसतं? म्हटलं, फुलदाणी. आणखी? आणखी काही नाही, पांढरी फुलदाणी आणि मागे काळं. ती म्हणाली, काळ्याकडे बघा. समोरासमोर दोन माणसं आहेत. नाही दिसली. संध्याकाळपर्यंत पुस्तक मांडीवर घेऊन बसलो. दिवा लावायला उठलो आणि एकदम — दोन चेहरे! नाकाला नाक लावून बसलेले. इतका वेळ तिथेच होते! आकृती आणि पार्श्वभूमी म्हणतात याला. मन एकाला पुढे घेतं, दुसऱ्याला मागे टाकतं. दोन्ही एकाच वेळी पाहता येत नाहीत म्हणे.

नागोरावला तेच चेहरे आधी दिसले. म्हणाला, नवरा-बायको हायेत, भांडून गप बसलेत.


१८ डिसेंबर, रविवार

आज शब्दसाहचर्य. ती एक शब्द म्हणणार, मी मनात येईल तो पहिला शब्द म्हणायचा. हातात कॉलेजमधून आणलेलं थांबतं घड्याळ, स्टॉपवॉच. पाणी — विहीर. दीड सेकंद. आई — चूल. दीड. समुद्र — होडी. एक. नदी, भाकरी, रस्ता, पाऊस, सगळं सुरळीत. मला वाटलं, यात काय आहे, हे तर पोरांचं खेळणं.

मग ती म्हणाली, कविता.

आणि मी गप्प! तोंड उघडं, पण शब्द नाही. ज्या शब्दावर आयुष्य काढलं त्याला उत्तर नाही. शेवटी तोंडातून निघालं — “थांब.”

सुगंधाने घड्याळ पाहिलं. नऊ सेकंद. वहीत लिहून पुढचा शब्द घेतला. संपल्यावर मी विचारलं, नऊ म्हणजे जास्त का? ती नखाने पानाची कड खरवडत म्हणाली, पुस्तकात लिहिलंय की फार उशीर लागला तर तिथे मनाने काहीतरी दडपलेलं असतं. पण ते आजारी लोकांचं असेल, गुरुजी. तुम्ही दमला असाल.

दमलो नव्हतो.


१९ डिसेंबर

मला माहीत आहे काय दडपलंय. दडपलं तरी कुठे — वर झाकण ठेवलं होतं, एवढंच. आज लिहूनच टाकतो.

१९५१. भाद्रपद सरत आलेला. कौलांतून उन्हाचे कवडसे पडलेले. मी कविता शिकवत होतो. ती कविता मला डोळे मिटल्याशिवाय म्हणताच येत नसे. दुसऱ्या कडव्याच्या शेवटच्या ओळीआधी मी मुद्दाम थांबायचो. त्या थांबण्यातच सगळं होतं! बाहेर ओहोळ वाहतोय, पोरं श्वास धरून आहेत आणि ओळ अजून यायची आहे. त्या दिवशी तिथेच मधे आवाज आला. जिवल्या हसला. मी “थांब!” म्हणून ओरडलो, डोळे उघडले आणि कानशिलात लगावली.

मी छडी कधी ठेवली नाही. सगळ्या नोकरीत हात उचलला तो एकदाच. तोही कवितेसाठी!

दुसऱ्या दिवशी जिवल्या आला नाही. तिसऱ्या दिवशी नाही. पुन्हा कधीच आला नाही. महिनाभर वाट पाहून मी नाव कमी केलं. घरी जाऊन विचारायला हवं होतं. त्याचा पाडा ओहोळापलीकडे होता, पाणी होतं... पाणी महिनाभर नव्हतं.

आठ वर्षांचं पोर. माझ्या एका हाताने त्याची शाळा संपली.


२० डिसेंबर

सुगंधाने ‘शिक्षा’ हे प्रकरण वाचून दाखवलं. शिक्षेने वर्तन तेवढ्यापुरतं थांबतं, पण त्याने काही नवं शिकलं जात नाही. उलट ज्या जागी शिक्षा झाली त्या जागेचीच भीती बसते. शाळेची, मास्तरची, पुस्तकाची. एवढं सोपं वाक्य! ट्रेनिंग कॉलेजात आम्हाला कोणी का नाही दिलं? की दिलं होतं आणि मी खिडकीतून बाहेर बघत होतो?

तिला सगळं सांगितलं. ती पोर जराही दचकली नाही. म्हणाली, आता काय करावंसं वाटतं तुम्हाला? म्हटलं, जिवल्याची माफी मागायची आहे. तो जिवंत असेल तर. मी आहे तोवर. बाकी काही नको.


२५ डिसेंबर, रविवार

भिकाला गाठलं. त्याच हजेरीपटातला भिका — इथे कारखान्यावर पहारेकरी आहे, सुटीला पाड्यावर जातो. त्याला बाकड्यावर बसवलं. तो बसेना, गुरुजींसमोर कसा बसू. शेवटी अर्धाच टेकला.

जिवल्या आहे! डहाणूला चिकूच्या वाडीत राखण करतो. नातवंडं आहेत त्याला.

माफीचा निरोप म्हटल्यावर भिका ओशाळला. म्हणे, “असं काय बोलता गुरुजी. मार तं सगळ्यांनीच खाल्ला. मी पण खाल्ला.”

“मी कधी मारलं तुला?”

“तुमी नाय. तुमच्या मागून आले त्या गुरुजींनी. तुमी तं गाणी बोलायचे.”

त्याच्याकडून तीनदा वदवून घेतलं — गुरुजींनी माफी मागितली आहे, कवितेच्या वेळी मारलं त्याची. चिठ्ठी देऊन उपयोग नाही. जिवल्याला वाचता येत नाही. ते कोणामुळे, हे भिकाला सांगितलं नाही.


१ जानेवारी १९८४

निरोप नाही.


५ जानेवारी

भिकाला सुटी मिळालेली नाही. मी त्याच्या कारखान्याच्या फाटकापाशी दोनदा जाऊन आलो. दुसऱ्यांदा तो मला पाहून आत गेला. घाई करतोय मी.

सुगंधाची प्रयोगवही जवळजवळ झाली. शब्दसाहचर्याखाली सरांनी ‘उत्तम’ लिहिलं. बिचारीला माझ्यासमोर आनंद लपवावा लागला. म्हटलं, अगं हस की, त्या नऊ सेकंदांवर थोडा हक्क तुझाही आहे.


९ जानेवारी

काय सांगेल? समजा म्हणाला, माफ केलं — तर? त्याने अक्षरं येणार आहेत त्याला? समजा म्हणाला, नाही करत. ते सोपं जाईल. निदान बरोबर वाटेल.


१५ जानेवारी, रविवार

भिका आला. हातात चिकूंची पिशवी, जिवल्याने पाठवलेली.

जिवल्या हसला म्हणे. खूप हसला. शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावून सांगितलं की माझ्या गुरुजींनी बत्तीस वर्षांनी माफी मागितली आणि कशाची ते मला ठाऊक नाही! त्याचं म्हणणं भिकाने जसंच्या तसं सांगितलं, “गुरुजींनी मला कवा हात नाय लावला. मी कवितेच्या टायमाला झोपायचो.”

झोपायचा! हसला नव्हता, झोपायचा!

मग शाळा का सोडलीस, हे विचारायला मी भिकाला सांगितलं नव्हतं, पण त्याने आपणहून विचारलं होतं. जिवल्या म्हणाला, बारका होतो, ओहोळ पार करून आणणारं कोणी राहिलं नाही. म्हणून सुटली.

मी नव्हे. माझ्या हाताने नव्हे. बत्तीस वर्षं! भिकाला जेवू घातलं. चिकू अजून कच्चे आहेत, तांदळात पुरले.


१६ जानेवारी

सुगंधाला सांगितलं. मला वाटलं, ती टाळ्या वाजवील. तिने स्टोव्ह बारीक केला आणि विचारलं, “मग मारलं कोणाला?”

म्हटलं, कोणालाच नाही! तूच नाही का सांगितलंस, आठवण म्हणजे पेटीत ठेवलेली वस्तू नसते, मन ती दर वेळी नव्याने रचतं? साक्षीदारांना न पाहिलेल्या गोष्टी पाहिल्यासारख्या आठवतात? तसंच हे. रचलेलं.

ती म्हणाली, हो, तसं होतं. मग भाकरी उलटत म्हणाली, पण ज्यात आपण वाईट ठरतो अशी आठवण मन सहसा रचत नाही, गुरुजी. पुस्तकात उलटंच आहे.

पोरी फार शिकतात आजकाल.


१८ जानेवारी

संरक्षण यंत्रणांचं प्रकरण स्वतःच वाचलं. दमन, समर्थन, आरोपण. मनाला लागू नये म्हणून मनच खोटं बोलतं आणि मनच ते ऐकतं. वाचता वाचता उजव्या तळव्याकडे लक्ष गेलं. तळव्याला काय आठवतं? मला तर वाटतं, आठवतं. हाताला झोंबलेलं आठवतं. लहान कान होता. केस तेलकट नव्हते, भुरे, कोरडे. हे सगळं मी रचलं?


२० जानेवारी

छडा लावायचा ठरवला. शास्त्रीय पद्धतीने, प्रयोज्य आणि प्रयोगकर्ता दोन्ही मीच. हजेरीपट कागदावर उतरवला. पहिल्या नावापासून सत्तावीसपर्यंत एकेक चेहरा समोर आणला आणि त्याच्या गालावर तो हात ठेवून पाहिला. जिव्या — नाही. मंगळ्या — नाही, हा खिडकीशी बसायचा, तिथवर माझा हात पोचला नसता. नवसी — छे, इतकी भित्री की तिला कोणी मोठ्याने हाकही मारत नसे. चिमी — नाही. भिका — त्याने स्वतःच सांगितलं. दुपारी सुरू केलं ते दिवेलागणीला संपलं.

सत्तावीसही नाही!

निष्कर्ष — अशी घटना घडलेली नाही. प्रयोज्य निर्दोष.

खाली सही केली. सुगंधाला दाखवलं नाही.


२२ जानेवारी

चिकू पिकले. साखरेसारखे! नागोरावने एका बैठकीत पाच खाल्ले आणि म्हणाला, गुरुजी, आणखी कुणाकुणाची माफी मागायची राहिलीय बघा, आंब्याच्या दिवसांपतूर उरकून टाकू. मी किती दिवसांनी पोट धरून हसलो.


२९ जानेवारी

आज ती कविता मोठ्याने म्हटली. डोळे मिटून. कुठेही अडलो नाही, थांबायच्या जागी थांबलो आणि पुढे गेलो. सुगंधाला म्हटलं, घड्याळ लाव, आता विचार तो शब्द! घड्याळ कॉलेजात परत गेलं होतं.


२ फेब्रुवारी, गुरुवार

दुपारी दार वाजलं. बाहेर एक बाई, चाळिशी उलटलेली, पाय धुळीने भरलेले. काही विकायला आली असेल म्हणून मी नको म्हणालो. ती हलली नाही.

जिवल्याची मोठी बहीण आहे म्हणाली. त्याला रोज तीच ओहोळ पार करून शाळेत आणायची. धाकट्याला कमरेवर घेऊन दाराशी बसायची, शाळा सुटेपर्यंत. तिचं नाव माझ्या हजेरीपटात कधीच नव्हतं.

मग, घरून ठरवून आल्यासारखं, सावकाश —

“तुमी बोलता बोलता थांबले. पुढचं मी बोलली. बरोबर बोलली. तुमी डोळे उघडले नि मला मारलं. त्या दिसापासून मी आली नाय. मग तो पण नाय.”

मी दार पूर्ण उघडलं.

“जिवल्याला माफी धाडली ना तुमी? ती त्याची नाय. माझी हाय. घ्याया आली.”

आत ये म्हटलं. मग नाव विचारावं लागलं.